सव्वा महिन्याचा श्वास

पालवी केंद्राच्या लांब व्हरांड्यात मालनक्का खोराटे अशी चालत होती, जसा काही वरातीत पुढं चालायचा मान तिलाच दिला होता. पदर कमरेला खोचलेला, मान ताठ, पायांत लेकानं, संग्रामनं, पुण्याहून धाडलेले पांढरे बूट. छातीवर बांधलेला पट्टा तिचा एकेक श्वास टिपत होता आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्याची हिरवी रेघ वरखाली पळत होती. मागून एक कोवळी नर्स सारखी बजावत होती, "आजी, दम लागला तर थांबा हं."

"आजी आसंल तुज्या आईची आई. मला अक्का म्हनायचं," मालनक्का न थांबता म्हणाली.

नर्स हसली. मालनक्का हसली नाही. ती कामात होती.

गडहिंग्लजला हे केंद्र निघून वर्षही झालं नव्हतं. साठी ओलांडलेल्या, फुप्फुसं झिजलेल्या माणसांना इथं नवा श्वास मिळत होता. पण मागंल त्याला नाही. आधी व्हरांड्यातून चालून दाखवायचं, मग लगेच नळीत जीव खाऊन फुंकायचं. पास होईल त्यालाच औषध. मालनक्कानं सत्तरी गाठलेली, आणि त्यातली चाळीस वर्षं डंकाशेजारी काढलेली. डंक म्हणजे लोखंडी मुसळांचं कांडप यंत्र. उन्हाळा लागला की गावातल्या बाया मिरच्या, धने, खोबरं, लसूण घेऊन डंकावर येतात आणि वर्षाची चटणी कांडून नेतात. खोराट्यांच्या डंकाचं तालुक्यात नाव होतं. ते नाव म्हणजे आपणच, याबद्दल मालनक्काच्या मनात कधी शंका आली नव्हती. तिला श्वास हवा होता तो चार वर्षं जास्त जगायला नव्हे. भाजणीच्या कढईपुढचा पाट दुसऱ्याला द्यावा लागू नये म्हणून हवा होता.

ती पास झाली. खुर्चीत टेकली तेव्हा ओठ निळे पडले होते, तरी डोळ्यांत मिजास होती.

मग तिची धाकटी जाऊ छबू उठली. नवऱ्यामागं छबूही डंकावरच राबलेली. घर शेजारच्या गल्लीत, पण दिवसभर मालनक्काच्या सावलीत. ती निघाली, व्हरांड्याच्या अर्ध्यात पोचली आणि भिंत धरून खाली बसली.

"झालं व्हय गं?" मालनक्का म्हणाली. "नवरीगत चार पावलं टाकलीस आन् बसलीस! जलमभर बसून खाल्लंस, दुसरं काय हुनार?"

छबू धापा टाकत होती. उत्तराला वारा नव्हता. खरं तर कांडलेली चटणी चाळायचं काम जन्मभर छबूचं. जिथं सगळ्यात जास्त धूळ उडते ती जागा छबूची, आणि दाराजवळची, वाऱ्याच्या झुळकीतली कढईची जागा मालनक्काची. हे दोघींनाही ठाऊक होतं. बोललं कुणीच नव्हतं.

डॉक्टर मुजावर तिशीतली पोरगी होती, मूळची मिरजेची. तिनं दोघींना आणि मालनक्काची सून रेश्मा हिला समोर बसवलं आणि पडद्यावर फुप्फुसाचं चित्र लावलं.

"हे बघा, फुप्फुस म्हणजे पिशवी नव्हे. द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक फुगे असतात, कोट्यवधी. वय झालं, धूळ गेली, चुलीचा धूर गेला, की हे फुगे फुटतात आणि एकमेकांत मिसळतात. घड जातो, नुसती ढोली उरते. आम्ही काय करतो, तुमच्याच नाकातल्या चार पेशी घेतो, त्या वाढवतो आणि धुक्यासारख्या फवारून परत तुमच्या छातीत सोडतो. जिथं ढोली आहे तिथं त्या जाऊन चिकटतात आणि नवे फुगे धरतात."

"म्हंजे बी टाकायचं आन् उगवायची वाट बघायची," मालनक्का म्हणाली.

"नुसती वाट बघून नाही उगवत, आजी."

"अक्का."

"अक्का. पेशीला डोळे नसतात. आपण कुठं आलोय, काय व्हायचंय, हे तिला कसं कळणार? तिला एकच गोष्ट कळते, ताण. तुम्ही खोल श्वास घेतला की फुप्फुस ताणलं जातं. तो ताण लागला की पेशी पातळ होते, पसरते, तिचा फुगा होतो. ताण लागला नाही तर ती आखडते, जाड होते, आणि भाजल्याचा वण राहतो तसा नुसता वण होऊन बसते. सहा आठवडे ती कच्ची असते. त्या दिवसांत जसा श्वास घ्याल तसं फुप्फुस बनतं, आणि तसंच कायमचं राहतं."

"सहा आठवडं म्हंजे सव्वा महिना. बाळंतिनीगत," मालनक्का रेश्माकडं वळून म्हणाली. तिच्या हिशेबात ते बसलं.

"आणि हे एकदाच," डॉक्टर म्हणाली. "दुसऱ्यांदा दिलं की शरीर त्या पेशी ओळखतं आणि मारून टाकतं. म्हणूनच जे माणूस रोज चढ चढून धाप लागेपर्यंत श्वास घेऊ शकतं, त्यालाच आम्ही देतो."

छबूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हंजे ज्येच्याजवळ वारा हाय... त्येलाच वारा."

डॉक्टरनं मान खाली घातली. "हो, मावशी. चालायचा सराव करा. फुंकायचा करा. परत परीक्षा घेऊ."

"आन् कोन पास, कोन नापास, ते तू ठरवतीस?" मालनक्कानं विचारलं.

"मी नाही. सगळ्या केंद्रांतून कुणाला औषध दिलं, कुणाचं काय झालं, ते सगळं मुंबईच्या एका यंत्राकडं जातं. त्यातून ते शिकतं, आणि कुणाला गुण येईल ते तेच सांगतं." मग तिनं बोट उचललं. "एक मात्र माझं ऐकायचं. सव्वा महिना डंकाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. मिरचीची धूळ कच्च्या पेशींना विष आहे."

या एका वाक्यानं पुढचं सगळं झालं. डॉक्टरनं नुसतं नाही म्हटलं असतं तर कदाचित मालनक्का भ्याली असती. पण तिनं कारण दिलं.

* * *

औषध छातीत गेल्यावर पहिले पंधरा दिवस मालनक्कानं कुणाला नाव ठेवायला जागा ठेवली नाही. पहाट फुटली की केंद्रानं सव्वा महिना बांधायला दिलेला पट्टा छातीवर आवळून, रेश्माला घेऊन ती काळभैरीचा डोंगर चढायची. रेश्मा मागं राहिली की वरून ओरडायची, "ये गं म्हातारे! हात देऊ काय?" खरंच ओरडायची. चार वर्षांत तिला एवढं मोठ्यानं ओरडता आलं नव्हतं. एके दिवशी देवळाच्या पायरीवर बसून तिनं लांब श्वास घेतला आणि तो घेतच राहिली. आत कुठंतरी बंद पडलेल्या खोल्या एकामागून एक उघडाव्यात तसा तो खाली खाली जात राहिला. तिचे डोळे भरून आले. रेश्मानं ते बघितलं, आणि आपण बघितलं हे सासूला दिसू नये म्हणून चपलेतला खडा काढायला खाली वाकली.

लग्न होऊन आल्यापासून रेश्मा एक शिकली होती. या घरात कळलं तरी कळलं असं दाखवायचं नसतं. मालनक्काचा पहिलाच कायदा होता, घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. सुरुवातीला एकदा रेश्मानं आपल्या आईला फोनवर काही सांगितलं होतं, तर मालनक्का महिनाभर तिच्या हातचं पाणी प्याली नव्हती.

चैत्र लागला. डंकाची गल्ली दिवसभर धडधडायला लागली. रेश्मा पहाटे डोंगर चढायची आणि आल्यावर संध्याकाळपर्यंत डंकावर उभी राहायची. छबू आली तरी आता चाळायला बसत नव्हती. तिला कुणी बसूच देत नव्हतं. ती आपली सांगितलेला सराव करायची. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, विजेच्या खांबाला धरून थांबत, परत चालत. पोरं हसायची. मालनक्का माडीवरून बघायची आणि म्हणायची, "छबे, मिरवनूक कवा निघनार हाय? बेंजो सांगू काय?"

छबू वर बघून हात करायची आणि पुढच्या खांबाकडं निघायची.

मग एका बाजारच्या दिवशी शिंत्रेवहिनी भेटली. जुनं गिऱ्हाईक. भाजीच्या पाट्यांमध्ये उभी राहून तिनं तोंडभर हसून सांगितलं, "अक्का, औंदा रेश्माच्या हातची चटनी न्हेली. काय रंग आलाय गं! आमची मालकं म्हनत्यात, ह्या वर्षासारखी कवाच झाली नव्हती. तू आता निवांत बस बग."

मालनक्का घरी आली ती सरळ कपाटाकडं. संग्रामनं साथीच्या वेळी धाडलेला मास्क तिथं होता, दोन्ही बाजूंना गोल डबे असलेला, रंगारी लावतात तसा. त्यातून धूळच काय, मिरचीचा वासही येत नव्हता. तिनं तो तोंडावर आवळला, आरशात बघितलं, आणि डंकावर जाऊन उभी राहिली.

रेश्माच्या हातातलं उलथनं थांबलं. "आत्ती! डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"का नको म्हटलंय?"

"धूळ..."

"मग कुटं हाय धूळ?" मालनक्कानं मास्कवर टिचकी मारली. "सर. ऊट त्या पाटावरनं."

"आत्ती, थोडेच दिवस राहिलेत. मी करते की सगळं. लोक नाव नाही ठेवत."

"तेच तर!" मालनक्का म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला आपलंच तोंड धरावंसं वाटलं. मग आवाज चढवला. "लोकं तोंडावर गोड बोलत्यात. तुज्या चटनीला रंग हाय, चव न्हाई. धनं कच्चं काढतीस. ऊट म्हनते न्हवं!"

रेश्मा उठली. बाया बघत होत्या.

मालनक्का पाटावर बसली आणि डंक सुरू झाला. धाड, धाड, धाड. पाचच मिनिटांत रेश्माचा फोन वाजला. पुण्याहून संग्राम, घाबराघुबरा. "आई पडली काय? मला निरोपावर निरोप यायला लागलेत!"

छातीवरच्या पट्ट्याला डंकाचे धक्के म्हणजे मालनक्का पडल्याचे वाटत होते. मुसळाच्या प्रत्येक ठोक्याला ती पडत होती आणि प्रत्येक वेळी लेकाला कळवलं जात होतं. बाया पोट धरून हसल्या. मालनक्कानं फोन हिसकून घेतला.

"पडली न्हाई, बसलीया! तुज्या त्या यंत्राला डंक आन् बाईमानूस यातला फरक कळंना, आन् म्हनं आमचं श्वास मोजनार!"

तिनं पट्टा सोडला आणि घरात नेऊन ठेवला. डोंगर चढताना बांधायचा, डंकावर बसताना सोडायचा. रोजचा सकाळचा चढ पट्ट्यावर नीट लागत होता, बाकीच्या वेळी म्हातारी आराम करते असं केंद्राला वाटत होतं. कुणाला फसवतोय असं मालनक्काला वाटलं नाही. सकाळी ती श्वासाचं काम पुरं करत होती. पुढचा दिवस तिचा होता.

रेश्मा एकदाच म्हणाली, "मुजावर डॉक्टरांना विचारू का?"

"घरातली गोष्ट," मालनक्का म्हणाली. पुढचं बोलायची गरज नव्हती.

* * *

सव्वा महिना संपला त्या दिवशी डॉक्टर मुजावर पडद्याकडं बराच वेळ बघत बसली. तिनं चित्र मोठं केलं, फिरवलं, पुन्हा पहिल्यापासून लावलं.

वरच्या भागात नवे फुगे होते, इवलेसे, सुरेख. खाली छातीच्या तळाला जिथं सगळ्यात जास्त हवे होते, तिथं फुगेच नव्हते. पांढरा, जाड, चिवट थर. जुनी ढोली निदान हलत होती. हा थर हलत नव्हता.

"डंकावर गेला होता?"

"न्हाई," मालनक्का म्हणाली.

रेश्मा फरशीकडं बघत राहिली.

"नाहीच म्हणा. धुळीचा कणही नाही आत." डॉक्टरनं कपाळ चोळलं. "चढ रोज चढलात. सगळं नीट केलंत. मग असं का व्हावं? मला कळत नाही, अक्का. खरंच कळत नाही."

"आता पुढं काय?"

डॉक्टरनं सांगितलं. पुढं काही नव्हतं. तो थर सैल होणार नव्हता, दुसऱ्यांदा औषध चालणार नव्हतं. हळूहळू बोलायलासुद्धा वारा पुरणार नाही, झोप बसून काढावी लागेल. मग प्राणवायूचं नळकांडं. तिनं ते चांगल्या शब्दांत सांगितलं, पण चांगल्या शब्दांतही ते तेवढंच होतं.

घरी येताना मालनक्का रेश्माला म्हणाली, "औषिधच हलकं व्हतं." रेश्मा "हं" म्हणाली.

पाऊसकाळ सरला तोवर मालनक्काची वाक्यं आखूड झाली. आधी शिव्या गेल्या, कारण त्यांना फार वारा लागतो. मग लांबलचक टोमणे गेले. मग तिला कळलं की एका श्वासात चारच शब्द बसतात, आणि ते नीट निवडावे लागतात. जन्मभर तिनं शब्द कधी निवडले नव्हते. पाटावर आता रेश्मा बसायची. गिऱ्हाईक आलं की मालनक्काला नमस्कार करायचं आणि विचारायचं मात्र रेश्माला.

छबू चालत होती. आधी दोन खांब, मग सगळी गल्ली, मग नदीच्या घाटापर्यंत आणि परत. चाळण सुटल्यापासून तिची छातीही थोडी मोकळी झाली होती. ऐन दिवाळीत ती केंद्रावर गेली, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, नळीत फुंकली आणि पास झाली. येताना तिनं अर्धा किलो पेढे आणले. मालनक्काच्या पुढ्यात पुडा ठेवून ती म्हणाली, "अक्का, निघाली की गं मिरवनूक!" आणि एवढी हसली की तिला ठसका लागला.

मालनक्कानं पेढा खाल्ला. तो गोड लागला, ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नसती.

आठवड्याभरात मुंबईच्या यंत्राचं उत्तर आलं. नामंजूर.

* * *

छबू धावतच आली. "अक्का, आसं कसं? पास झाले न्हवं मी? ती मुजावरबाई म्हनती, डंकावरच्या बायांना आता द्यायचंच न्हाई. का तर एकीला दिलं, समदं नीट करून घेतलं, तरी लागू पडलं न्हाई. आगं, ती एकली म्हंजे तूच की! तुला लागलं न्हाई त्यात माजा काय गुन्हा?" तिनं मालनक्काचा हात धरला. "तू चल माज्यासंगं. भांड तिच्याशी. तुज्या तोंडाला समदी भित्यात."

मालनक्का तिच्याकडं बघत राहिली. चाळीस वर्षांत छबूनं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं.

यंत्र खोटं शिकलं होतं. कुणी शिकवलं, ते मालनक्काला ठाऊक होतं. एका "न्हाई"नं शिकवलं होतं. ते "न्हाई" परत घेतलं, तर मालनक्का खोराटे डॉक्टरच्या तोंडावर खोटं बोलली, आणि सुनेच्या चटणीवर जळून स्वतःची छाती घालवून बसली, हे तालुक्याला कळणार होतं. दुपारभर ती बसून राहिली. मग रेश्माला म्हणाली, "गाडी काढ. छबूला घे."

केंद्रात डॉक्टरपुढं बसल्यावर तिनं चार-चार शब्दांत सांगितलं. मध्ये थांबून, श्वास गोळा करून. "मी डंकावर बसत व्हते. रोज. सव्वा महिना. पट्टा काढून. खोटं बोलले." मग छबूकडं न बघता, "हिला द्या. चूक माजी."

छबूचं तोंड उघडंच राहिलं. रेश्माच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिनंही चार शब्दच म्हटले, "मला माहीत होतं, डॉक्टर."

डॉक्टर मुजावरचा चेहरा आधी उजळला. "म्हणजे धंद्याचा दोष नाही! धूळ गेली असणार. मी हे लगेच कळवते, यंत्र पुन्हा..." ती थबकली. "पण धूळ नव्हती. मी बघितलंय. कण नव्हता."

"मास्क व्हता," मालनक्का म्हणाली. "डब्याचा."

"मग कशानं?"

डॉक्टर उठली, दोन येरझाऱ्या घातल्या. मग रेश्माला विचारलं, "तुमच्याकडं डंकाचा आवाज आहे? फोनमध्ये?"

होता. गिऱ्हाइकांना पाठवायला रेश्मानं चालत्या डंकाचं चित्रण करून ठेवलं होतं.

डॉक्टरनं छबूला छातीपट्टा बांधून ट्रेडमिलवर चालायला लावलं. पडद्यावर हिरवी रेघ उठली. मोठ्या, संथ लाटा. कुणाच्याही छातीतून याव्यात अशा. मालनक्का बघत राहिली. छबूच्या छातीत एवढं होतं, हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

"मावशी, चालत राहा. काही झालं तरी श्वास असाच घ्या," डॉक्टर म्हणाली आणि फोन सुरू केला.

धाड. धाड. धाड.

रेघ मोडली. मुसळ पडलं की थांबायची, उचललं की घोटभर वर, पुन्हा थांबायची. लाटा गेल्या, नुसत्या बारीक बारीक टोचण्या उरल्या.

"छबे," मालनक्का घाबरून म्हणाली, "श्वास घे!"

"घेतीया की!" छबू चालता चालता म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की ती घेतेय.

मालनक्काची स्वतःची छातीही थांबली होती. ते तिला आत्ता, पहिल्यांदा कळलं. मुसळ पडतं तेव्हा धूळ उडते, म्हणून तेव्हा नाक बंद. मुसळ उचलतं तेव्हा एक घोट. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनंही छबूला शिकवलं नव्हतं. डंकावर पहिल्या आठवड्यात ज्या बाईला ते जमत नाही, ती दुसऱ्या आठवड्यात येत नाही, इतकंच. तोंडावर मास्क होता, पण छातीला ते कोण सांगणार? सव्वा महिना ती रोज सकाळी डोंगरावर फुगे धरत होती आणि दिवसभर डंकापुढं बसून ते आखडत होती.

डॉक्टरनं फोन बंद केला. रेघेच्या लाटा परत यायला बराच वेळ लागला.

"हिला लांब ठिवा," मालनक्का म्हणाली. "पुण्याला. संग्रामकडं. डंक न्हाई तितं."

"आवाज बंद होऊनही किती वेळ तसंच चाललं, बघितलंत ना? धुणं आपटल्याचा आवाज आला, मोटार धडधडली, स्वप्न पडलं, तरी तेच होईल. जागेपणी सवय मोडता येईल कदाचित. झोपेत कोण मोडणार?" डॉक्टर खुर्चीत बसली. एकाएकी ती फार लहान दिसायला लागली. "यंत्राला फक्त एवढंच दिसलं होतं, की डंकवालीला गुण येत नाही. का ते माहीत नव्हतं, म्हणून मला भांडता आलं असतं. आता का तेही कळलं."

"मी बोललेच न्हाई... आसं समज."

"नाही समजता येत, अक्का. हे मला लिहावंच लागेल. नाही लिहिलं तर उद्या दुसऱ्या गावची डंकवाली येईल, मी तिला औषध देईन, आणि तिचं तुमच्यासारखं होईल. मावशींना दिलं तर त्यांचंही."

मालनक्कानं तोंड उघडलं. तिच्याजवळ उत्तर होतं. चांगलं लांबलचक, धारदार, या पोरीला तिच्या सात पिढ्या आठवतील असं. त्याला लागणारा वारा तिच्याजवळ नव्हता, आणि असता तरी पोरीचं चुकलेलं नव्हतं.

छबूनं छातीपट्टा सोडला, नीट गुंडाळला, टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर रेश्मानं मालनक्काला गाडीत बसवलं आणि दुसरं दार उघडून धरलं. "काकी, बसा."

"तुमी व्हा म्होरं," छबू म्हणाली. "मी चालत येते."

मालनक्का वाट बघत होती. शिवी देईल. थोरलेपणा काढेल. चाळणीपुढं कुणाला बसवलं आणि झुळकीत कोण बसलं, ते आज तरी बोलेल. छबूनं पदर खोचला आणि निघाली.

मालनक्कानं काच खाली केली. तिला नुसतं "छबे" म्हणायचं होतं. वारा गळ्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला.

छबू रस्त्याच्या कडेनं भराभर चालत होती. पाठ ताठ, हात मोकळे, आणि एकेक श्वास पार पोटापर्यंत जाताना लांबूनही दिसत होता. कुठल्याही डॉक्टरनं तिला पास केलं असतं.